उभी पानं

पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यानं स्वतःच्या शेताबद्दल तोंड उघडायचं नाही, हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर त्यावर वाद तरी घालता आला असता.

तळं भरलेलं असेल त्या साली पाण्याची पाळी सरळ ओळीनं लागायची, वरच्या शेतापासून खालच्या शेतापर्यंत. पाटकऱ्याला तेव्हा फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या काठानं हिंडण्यापलीकडे फारसं काम नसायचं. पण पाणी तळाला गेलं की दुपारची फेरी निघायची. ऊन डोक्यावर आलं की पाटकरी, निवाडा करणारे गावचे मास्तर आणि ज्याला कुणाला भांडायची हौस असेल तो, असे सगळे बांधाबांधानं चालायचे आणि पिकाची पानं बघायचे. ज्याची पानं भर उन्हात माना टाकून लोंबत असतील त्याच्या बांधावर पाटकरी चिंधी बांधलेली खुंटी ठोकायचा. खुंटी लागली की पाणी मिळणार, नाही लागली की नाही. मालक किती रडतो, कुणाचा मेव्हणा आहे, काल कुणाच्या घरी चहा झाला, यातलं काही चालत नसे. पाटकऱ्याच्या स्वतःच्या शेतापाशी फेरी आली की त्यानं गप्प उभं राहायचं आणि मास्तर सांगतील ते करायचं.

ही फेरी पाटकऱ्याच्या बापानं, म्हणजे आबांनी, सुरू केलेली. त्यांच्या आधी पाण्यावरून डोकी फुटत. आता आबांना दिसत नव्हतं. ओसरीवर बसून ते पाटाच्या आवाजावरून पाणी किती सुटलंय ते सांगायचे, आणि मुलगा चुकला की तिथूनच ओरडायचे. यंदा पाटाला आवाजच नव्हता, त्यामुळे आबा दिवसभर सुनेवर ओरडत.

सून, म्हणजे पाटकरीण, मात्र यंदा ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची. तिचं लक्ष घेवड्यावर होतं.

घेवडा पेरायच्या आधी केंद्रावरची ताई आली होती. ही केंद्रावरची ताई म्हणजे शहराजवळच्या शेती केंद्रात नोकरीला असलेली एक किडकिडीत मुलगी. डोक्यावर हेल्मेट घालून स्कूटरवरून यायची आणि उतरल्यावरही हेल्मेट काढायचं विसरायची. तिनं सगळ्यांना पारावर गोळा केलं आणि पिशवीतून पांढऱ्या भुकटीची पुडी काढली.

"हे विष नाही, आणि खतही नाही," ती म्हणाली. "तुमचं डोकं दुखलं की तुम्ही गोळी घेता ना? त्या गोळीच्याच कुळातलं आहे हे. पेरायच्या आधी बी यात भिजवायचं, मग झाड मोठं झालं की फवारायचं. झाडाला आधीच कळतं की वाईट दिवस येणार आहेत. मग ते आपल्या अंगातलं पाणी जपून वापरतं."

"आमच्या घरी द्या थोडी," मुका म्हणाला. "आमची मंडळी काहीच जपून वापरत नाही."

मुका हा पाटकऱ्याच्या खालच्या अंगाचा शेतकरी. लहानपणी फार उशिरा बोलायला लागला म्हणून त्याला मुका नाव पडलं, आणि तेव्हापासून तो ती कसर भरून काढत होता.

"तुमच्या तोंडावर फवारते मी," पाटकरीण म्हणाली. "शब्द तरी जपून वापराल."

लोक हसले, चहा प्याले आणि उठून गेले. पिकाचं डोकं दुखतंय म्हणून गोळी द्यायची ही गोष्ट कुणाच्या गळी उतरेना. पुडी घेतली ती एकट्या पाटकरणीनं.

तिला कारण होतं. गेल्या साली घेवडा वाळला तेव्हा ती शहरातल्या शीतगृहात बटाटे निवडायला गेली होती. सगळा हिवाळा आणि वर थोडा उन्हाळा. बाहेर ऊन आणि आत हाडं गोठवणारा गारवा, सडका बटाटा हाताला लागला की त्याचं पाणी मनगटापर्यंत. झोपायला पत्र्याची खोली, तीत एकमेकींना चिकटून झोपणाऱ्या बायका. परत आली तेव्हा हातांच्या भेगांत काळं भरलेलं होतं आणि इकडे आबा एकदा चुलीवर, एकदा पायरीवर पडलेले होते. पाटकरी बापाला सांभाळील की पाट सांभाळील? घेवडा साधला तर जायची गरज नव्हती, आणि नाही साधला तर शीतगृहाला मजूर नेणारा मुकादम यायचाच होता. यंदा मी जाणार नाही, असं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण बी भिजवताना, उपसताना, सावलीत पसरताना ती मनाशी तेच म्हणत होती.

निघताना ताई म्हणाली होती, "एक मात्र लक्षात ठेवा. फुलं आली की एक पाणी लागेलच. हे औषध झाडाला वेळ काढून देतं. पाणी काढून देत नाही."

"पाण्याचं काय एवढं," पाटकरीण म्हणाली होती. "घरातच पाटकरी बांधलेला आहे."

तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ती स्वतःच हसली होती.

भुकटी गार पाण्यात विरघळत नसे, वर तरंगत राही. म्हणून फवारायच्या दिवशी ती उजाडताच चुलीवर जुनं पातेलं चढवी, कडक पाण्यात झाकणभर भुकटी टाकी आणि काडीनं ढवळत बसे.

"काय शिजवतेस?" ओसरीवरून आबा विचारत.

"घेवड्याला काढा."

"मला खोकला येतो त्याचं कुणाला काही नाही."

मग ते पाणी पिंपात ओतायचं, पंपात भरायचं आणि पंप पाठीवर घ्यायचा. पंपाचा एक पट्टा तुटला होता, त्याजागी दोरी बांधली होती. ती दोरी खांद्यात रुते. एका हातानं दांडा वरखाली, दुसऱ्या हातात नळी, आणि सरीतून मागे मागे चालत जायचं, म्हणजे फवारा अंगावर येत नाही. पानं दवानं ओली असतानाच काम उरकायला हवं, असं ताईनं बजावलं होतं. संध्याकाळी ती कुशीवर निजायची, कारण खांदा टेकवत नसे. पाटकरी एकदा म्हणाला, "एक दिवस मी मारतो." पण पाटावर त्याला कुणीतरी हाक मारली आणि ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

पाऊस आला नाही. ढग यायचे, चार घरची चौकशी केल्यासारखे हिंडायचे आणि निघून जायचे. तळ्याच्या कडेचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या. पाटकऱ्यानं झडपेपाशी काठी उभी केली होती, तिच्यावरचा पाण्याचा ओला डाग रोज खाली सरकत होता. आणि एका दुपारी फेरी निघाली.

त्या दिवसाची गोष्ट गावात पुष्कळ दिवस चालली. सगळीकडे घेवडा माना टाकून पडला होता. पानं घडी घातल्यासारखी मिटलेली, वेल काठ्यांवरून ओघळलेले. माणसं न बोलता चालत होती. मुकासुद्धा. आणि मग पाटकऱ्याचं शेत आलं. तिथे पानं उभी होती. हात पसरून, उन्हाकडे तोंड करून, जाड, काळपट हिरवी, जणू सकाळचे आठ वाजलेत.

"अरे, हे काय?" मास्तर म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झालेले, भर उन्हातही सदऱ्याचं वरचं बटण लावणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वहिनी, हे पीक आहे की चित्र लावलंय?" मुका म्हणाला.

पाटकरीण बांधावर उभी होती. तिला हसू दाबता येईना. लग्नात लोक बघायला आले होते त्यानंतर एवढे लोक एका जागी उभे राहून तिच्याकडे कौतुकानं बघत आहेत, हे पहिल्यांदाच घडत होतं. कुणी पान चाचपलं, कुणी हुंगलं. पाटकऱ्यानं तर रिवाज मोडून तोंड उघडलं. म्हणाला, "आमचं थांबेल हो. तुमचं आधी होऊ दे."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी खुंट्या इतरांच्या बांधांवर लागल्या आणि पाणी तिकडे गेलं. तळ्यात उरलं ते एखाद्या शेतापुरतं.

रात्री जेवताना पाटकरी दोनदा म्हणाला, "मास्तर काय म्हणाले ऐकलंस ना?" तिनं त्याला आणखी वाढलं. तेवढा एक दिवस त्या घरात सगळं नीट होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फुलं आली, आणि फुलांच्या मागोमाग ती सकाळ. पाटकरीण शेतात गेली तर सरीत पांढरं पांढरं पसरलेलं. तिला आधी वाटलं बगळ्यांची पिसं आहेत. वाकून उचललं तर फूल. देठासकट गळलेलं, न कोमेजता. वर पान खुशाल उभं होतं. तिनं जमिनीत बोट घातलं, मग काठी घेऊन उकरलं. कोपरापर्यंत हात गेला तरी माती पिठासारखी कोरडी. जी फुलं टिकली होती त्यांच्या जागी नखाएवढ्या शेंगा होत्या, चपट्या, आत काही नाही.

तिनं एक वेल तोडून घरी आणला आणि आबांच्या हातात दिला. त्यांनी देठापासून टोकापर्यंत बोटं फिरवली, पान दाबलं, शेंग चिमटीत धरली.

"पान जाड आहे," ते म्हणाले.

"हो."

"शेंगेत जीव नाही."

"पाणी पाहिजे, आबा. आत्ताच पाहिजे. पुढच्या आठवड्यात मिळून उपयोग नाही."

आबांनी शेंग पुन्हा एकदा चिमटीत दाबली. मग त्यांना राग आला. "मी फेरी का काढली? माणसाची जीभ खोटं बोलते म्हणून. पान बोलत नाही, म्हणून पानाला विचारायचं. तुम्ही आता पानालाही खोटं बोलायला शिकवलंत."

"मी जगवायला गेले हो त्याला."

"मग जगलंय की," आबा म्हणाले, आणि वेल त्यांनी बाजूला ठेवला.

दुपारी पाटकरी जेवायला आला तेव्हा तिनं तेच त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. घास घेतला, पाणी प्याला.

"पान तर उभं आहे," तो म्हणाला.

"मग काय पान शिजवायचं?"

"मला नको सांगूस. मी बोलू शकत नाही. मास्तरांना दिसलं तर मास्तर म्हणतील."

"त्या दिवशी बोललात की. आमचं थांबेल म्हणून."

त्यानं ताट तसंच ठेवून हात धुतले. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला.

तिनं ताईला निरोप धाडला. ताई आली, हेल्मेटसकट सरीत शिरली, गळलेली फुलं ओंजळीत गोळा केली आणि तिचा चेहरा उतरला. "मी मास्तरांशी बोलते," ती म्हणाली.

मास्तर घरासमोर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी मुका होता, आणखी दोघे-तिघे होते. ताईनं सगळं समजावून सांगितलं. झाड जिवंत आहे, पण त्याच्याकडे दाणा भरण्यापुरतं पाणी नाही. पानांवरून त्याची तहान कळणार नाही. एक पाणी मिळालं तर सगळ्यांत जास्त पीक याच शेतात येईल.

मास्तरांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं.

"बाई, तुमचं म्हणणं खरं असेल," ते म्हणाले. "पण आता उरलंय एका शेताचं पाणी. याचं शेत बघा, त्या दिवशीचं पाणी कधीच आटलं." त्यांनी मुक्याकडे बोट केलं. "चार दिवसांत पाणी नाही मिळालं तर झाडं मरतील. तुम्हीच म्हणता पाटकऱ्याची झाडं मरणार नाहीत."

"मरणार नाहीत, पण..."

"मग मरणाऱ्याला सोडून जगणाऱ्याला पाणी द्यायचं, हे मी लोकांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुमचं औषध लागू पडलं, ताई," मुका म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो चेष्टा करत नव्हता. "आम्ही हसलो ते चुकलं आमचं. पण आता आम्हाला त्याचा दंड नका लावू."

ताईनं पाटकरणीकडे बघितलं. पाटकरीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि मुक्याचा शब्द न् शब्द तिला पटत होता. हेच तिला सहन होईना. स्कूटर सुरू करताना ताई म्हणाली, "पुढच्या वेळी आपण आधीच पाण्याचं ठरवून ठेवू." पाटकरणीनं मान हलवली.

"परवा शेवटची फेरी आहे," मास्तर तिला म्हणाले. "पानं पडलेली दिसली तर माझी काही हरकत नाही. तुमच्या शेताशी माझं वैर नाही."

हे वाक्य ती घरी घेऊन गेली.

फेरीच्या दिवशी ती सकाळीच शेतात गेली. पायवाटेच्या कडेची सरी तिनं निवडली, फेरीला पहिल्यांदा दिसणारी. ती पहिल्या झाडापाशी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि हलकेच वर ओढला. उपटायचा नव्हता, नुसता सैल करायचा. आत बारीक मुळ्या तुटल्याचा आवाज झाला, शिवण उसवते तसा. मग माती होती तशी लोटली, वरून हातानं सारखी केली, आणि दुसऱ्या झाडापाशी सरकली. जे बी तिनं रात्रभर भिजवलं, सावलीत वाळवलं, ज्याच्यावर खांदा सोलवटेपर्यंत फवारा मारला, त्याची मुळं ती एकेक करून तोडत होती. ती रडत नव्हती. तिला फक्त भीती वाटत होती की दुपारपर्यंत पानं पडतील की नाही. पडा रे, ती त्यांना म्हणत होती, आता तरी पडा.

पडली. ऊन वर आलं तशी ती सबंध सरी कोसळली, वेल काठ्यांवर लोळागोळा झाले. मागच्या सगळ्या सऱ्या तशाच उभ्या होत्या.

फेरी आली. मास्तर पुढे, त्यांच्या मागे लोक, पाटकऱ्याच्या हातात शेवटची खुंटी आणि लाकडी हातोडा. मुक्याचं शेत बघून झालं होतं. तिथली झाडं इतकी पडली होती की मुक्याला पुढचं बघायला यायची गरज नव्हती, पण तो आला होता.

मास्तर सरीपाशी थांबले. "पडलीत की," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. "बाई म्हणत होत्या ते खरं म्हणायचं. कडेपासून सुरुवात झाली. मागच्या वेळी तुम्ही थांबलात, पाटकरी, आता ठोका खुंटी. मुक्याला आपण काहीतरी..."

मुक्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

पाटकरी खुंटी घेऊन वाकला. बांधावर खुंटीची जागा आणि पहिलं झाड यांत हातभर अंतर होतं. वाकल्यावर त्याला बुंध्याभोवतीची माती दिसली, भुसभुशीत, सारखी केलेली, आणि तिच्यावर बोटांच्या खुणा. त्यानं बुंध्याला हात लावला. झाड हललं. त्यानं शेजारचं झाड हलवून बघितलं, तेही हललं. आयुष्यभर माती उकरणारा माणूस तो. त्यानं मान वर करून बायकोकडे बघितलं नाही. ती बांधाच्या टोकाला उभी होती, हात पाठीमागे धरून, कारण नखांत माती होती.

तिला वाटलं, तो ठोकील. एक घाव घालायचा, बस. कुणीही वाकून बघणार नव्हतं.

तो उभा राहिला. "हे पाण्यानं पडलेलं नाही," तो म्हणाला. "मुळं सुटलीत."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"उंदरांनी उकरलं असेल."

मुका खाली बघत होता. त्यालाही बोटांच्या खुणा दिसल्या होत्या, आणि गावातल्या सगळ्यांत बोलभांड माणसानं तो शब्द तिथेच गिळला. पुढे कधी पारावरही काढला नाही. मास्तरांनी सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. "बरं," ते म्हणाले, आणि सगळे मागे वळले. थोड्या वेळानं खालच्या अंगाला हातोड्याचे ठोके ऐकू आले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पाटकरी फावड्याला दांडा बसवत होता. ती आत गेली. आतूनच म्हणाली, "उंदीर मोठा होता का?"

"मी काय करायला पाहिजे होतं?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. तो खरंच विचारत होता.

ती चुलीपाशी बसली. त्यानं खुंटी ठोकली असती तर ती त्याच्याकडे उद्यापासून कशी बघणार होती, हे तिला माहीत नव्हतं. आणि त्यानं ठोकली नाही, म्हणून ती त्याला माफ करू शकत नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि भात खाली लागत होता.

"मुकादम सोमवारी येतोय," ती म्हणाली.

"कळलं मला."

"आबांना पायरी उतरू देऊ नका."

आबा ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं, पण त्या दिवशी ओरडले नाहीत.

सकाळी पाणी सुटलं. मुक्याच्या शेताकडे जाणारी पाण्याची चारी पाटकऱ्याच्याच शेताच्या कडेनं जायची, आणि ज्याच्या शेतातून पाणी जातं त्यानं चारी राखायची, हा तर फेरीहून जुना नेम. पाटकरी वर झडपेवर उभा, मुका खाली वाफ्यांत पाणी फिरवत असलेला. मधली चारी राखायला पाटकरीण फावडं घेऊन उभी राहिली. दुसरं होतं कोण?

पाणी आलं. पुढे पाचोळा, मग फेस, मग गढूळ लाल पाणी. कोरड्या चारीनं ते आधी आवाज करत पिऊन घेतलं आणि मग पुढे जाऊ दिलं. ओल्या मातीचा वास सुटला. ती चारीच्या कडेकडेनं चालत राहिली. डावीकडे पाणी, उजवीकडे तिचा घेवडा, मध्ये वीतभर मातीचा बांध.

अर्ध्या वाटेवर बांध फुटला. फुटला म्हणजे उंदराचं बीळ होतं, खरोखरीच्या उंदराचं, आणि त्यातून पाण्याची धार तिच्या सरीत उतरत होती. मनगटाएवढी. माती ती नुसती पीत होती. ओल पसरत पहिल्या झाडाच्या बुंध्यापाशी गेली, मग दुसऱ्या. ती बघत उभी राहिली. तिनं काही केलेलं नव्हतं. पाणी आपण होऊन आलं होतं. तिसरं झाड भिजलं. तिला आपल्या घशाखाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

"पाणी कमी झालं हो!" खालून मुका ओरडला.

ती हलली नाही.

"वहिनी! पाणी कमी झालं!" त्या हाकेत संशय नव्हता. घाबरलेल्या माणसाची हाक होती.

तिनं फावडं घातलं. मातीचं ढेकूळ बिळात दाबलं तर ते पिठासारखं विरघळून वाहून गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. माती इतकी सुकलेली होती की तिचा चिखलच होईना. शेवटी ती चारीत उतरली आणि उजव्या पायाची टाच तिनं त्या भोकात घालून दाबली. धार थांबली.

पाय काढला की पाणी सुटणार, म्हणून तिला हलता येईना. ती तशीच उभी राहिली, एक पाय भोकात, एक पाण्यात, फावड्याच्या दांड्यावर भार देऊन. पोटऱ्यांवरून पाणी खाली जात होतं. ऊन चढलं. वाटेनं कुणी दोघं चालली होती. त्यांनी तिच्यामागच्या शेताकडे बघितलं आणि एकजण म्हणाला, "तुमचं बरं आहे बाई. किती हिरवं आहे."

"हो," ती म्हणाली.

मग पायाला मुंग्या आल्या आणि नंतर पाय आहे की नाही तेही कळेना. ती कशाचाच विचार करत नव्हती. फक्त मुक्याचं शेत भरलं की बाकीचं पाणी, थोडंसं, चारीत साचलेलं तरी, सुटेल, एवढं तिच्या मनात होतं. भर दुपारी मुका वर आला. मांडीपर्यंत चिखल, चेहऱ्यावर चिखल. तो तिच्या पायाकडे बघत थांबला.

"झालं, वहिनी," तो म्हणाला. "माझं भिजलं सगळं. काढा पाय आता."

तिनं फावड्याला धरून पाय ओढला. टाच पांढरी पडली होती, सुरकुतलेली. ती बाजूला सरली आणि त्या भोकाकडे बघत राहिली. मुकाही बघत राहिला.

भोकातून काही आलं नाही. तिनं चारीत बघितलं. वर झडपेपर्यंत चारी रिकामी होती, तळाला नुसता चिखल चकाकत होता, आणि त्या टोकाकडून पाटकरी फावडं खांद्यावर टाकून, सावकाश, खाली येत होता.